उरलेल्या तीन पायांचा विचार

कृष्णा-कोयनेच्या खोऱ्यात जनावरे सांभाळणाऱ्या माणसाला एक गोष्ट कुणी शिकवावी लागत नाही: पाय गेला की जनावर गेले. चार-साडेचारशे किलोच्या बैलाच्या पायाचे मोठे हाड मोडले, तर उरलेल्या तीन पायांना तो भार पेलत नाही. बैल बसतो, मग आडवा होतो; अंगाखालचे स्नायू दबून मरू लागतात, कातडीला जखमा होतात, पोट फुगते आणि बघता बघता दावण रिकामी होते. हा अनुभव पिढ्यांचा आहे आणि बैलापुरता तो खराही आहे. मात्र तोच निकाल दारातल्या कुत्र्यालाही लावला जातो. उसाच्या ट्रॉलीखाली पाय सापडलेल्या कुत्र्याकडे पाहून "कशाला हाल करता त्याचे, एक इंजेक्शन देऊन मोकळे व्हा," असे म्हणणारा शेजारी निर्दय नसतो. तो बैलाचा नियम कुत्र्याला लावत असतो.

कुत्र्याचा हिशेब वेगळा आहे. पंधरा-वीस किलोचे ते हलके, लवचीक शरीर. पाठीचा कणा धनुष्यासारखा वळणारा. मोडका पाय उचलून धरून तीन पायांवर चालणे तर तो शस्त्रक्रियेच्या आधीच शिकलेला असतो. अमेरिकेत २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत पाय काढलेल्या कुत्र्यांच्या ६४ मालकांना विचारणा झाली. ५८ जणांनी सांगितले की कुत्र्याच्या स्वभावात काही फरक पडला नाही. ५५ जण म्हणाले, पुन्हा वेळ आली तर आम्ही हाच निर्णय घेऊ. नेदरलँड्समध्ये १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीतही बहुतेक कुत्री महिन्याभरात सरावल्याचे मालकांनी नोंदवले होते.

म्हणजे कुत्रा तीन पायांवर उभा राहील का, हा प्रश्न बऱ्याच अंशी सुटलेला आहे. तो किती वर्षे आणि किती सुखाने चालेल, हा खरा प्रश्न, आणि त्याचे उत्तर ऑपरेशन टेबलापेक्षा घरात जास्त आहे. सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे समोर ठेवून या संपूर्ण विषयाचा हा आढावा.

पाय कशाने जातो

या पट्ट्यातली कारणे इथल्या जगण्यातूनच येतात. पहिले कारण रस्ता. शिरवळपासून खंबाटकी, सातारा, उंब्रज, कराड, कासेगाव, पेठनाक्यापर्यंत पुणे-बंगळूर महामार्ग गावे कापत जातो, आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना ढाबे, खरकटे आणि कुत्री असतात. गळीत हंगाम सुरू झाला की आतले रस्तेही तसेच होतात. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रभर कारखान्याकडे जातात. मागच्या ट्रॉलीला अनेकदा दिवा किंवा चकाकती पट्टी नसते. ट्रॅक्टर पुढे गेला म्हणून कुत्रा रस्ता ओलांडतो आणि मागच्या चाकात येतो.

दुसरे कारण फास. रानडुकरांसाठी उसाच्या आणि डोंगराकडेच्या शेतांच्या बांधावर क्लच-वायरचे, ब्रेक-वायरचे फास लावले जातात. त्यात कुत्री सापडतात. वायर कापून कुत्र्याला सोडवले की माणसाला सुटल्यासारखे वाटते. पण वायरीने रक्तपुरवठा काही तास तुटलेला असेल, तर पंजा पुढच्या काही दिवसांत काळा पडू लागतो. म्हणून फासातून सुटलेले कुत्रे चालत असले तरी त्याच दिवशी दवाखान्यात न्यायला हवे.

तिसरे कारण मन दुखावणारे आहे, कारण ते मायेपोटी घडते. मोडलेल्या पायाला घरीच बांबूच्या कामट्या लावून कापडाने करकचून आवळतात. आत सूज वाढते, बाहेर बांधणी तशीच राहते आणि जो पाय प्लॅस्टरने किंवा सळईने वाचला असता तो सडतो. प्रथमोपचार म्हणून आधार द्यायचा असेल तर सैल द्यावा, बोटे उघडी ठेवावीत. ती गार पडली, सुजली किंवा त्यांना वास येऊ लागला तर बांधणी लगेच सोडावी. जखमेवर काळे ऑइल, चुना, फिनाईल, डिझेल लावण्याची सवयही पाय घालवते. सांगलीची हळद जगात नावाजलेली असली तरी उघड्या हाडावर ती भरू नये. डॉक्टरांना मग जखम धुण्याआधी तिचा लगदाच खरवडावा लागतो. स्वच्छ पाणी किंवा सलाईनने धुवून स्वच्छ कापड झाकणे, एवढेच घरचे काम. पावसाळ्यात उघड्या जखमेत दोन दिवसांत किडे पडतात, हेही लक्षात असू द्यावे.

याशिवाय खांद्याजवळचे मज्जातंतूंचे जाळे तुटल्याने लोंबणारा पुढचा पाय, जन्मजात वाकडा पाय आणि हाडाचा कर्करोग ही कारणे आहेत. कर्करोगाकडे पुढे वेगळे पाहू.

कापायचा की वाचवायचा

साधा अस्थिभंग म्हणजे पाय काढणे नव्हे. सळई, प्लेट, बाहेरून लावायची चौकट असे उपाय आहेत आणि तरुण कुत्र्याचे हाड लवकर जुळते. पाय काढण्याचा सल्ला रास्त ठरतो तो पाय मेला असेल, हाडाचा चुरा होऊन जंतुसंसर्ग पसरला असेल, संवेदनाच गेल्यामुळे कुत्रा फरपटत त्यावर जखमा करून घेत असेल किंवा गाठ कर्करोगाची असेल तेव्हा. पैशांअभावी पाय काढण्याची वेळही येते; महागड्या प्लेटचा खर्च झेपत नाही आणि कुत्र्याला वेदनेत ठेवणेही नको असते. त्यात अपराध काही नाही. दुखणारा पाय वागवण्यापेक्षा तो नसणे बरे.

निर्णयाआधी उरलेले तीन पाय तपासणे सर्वांत महत्त्वाचे, आणि नेमके हेच घाईत राहून जाते. खुब्याचा सांधा सैल आहे का, गुडघ्याची शीर तुटलेली आहे का, दुसऱ्या पायात संधिवात आहे का, कण्याला मार आहे का, हे पाहिल्याशिवाय चौथा पाय काढू नये. अपघात झालेल्या कुत्र्याच्या छातीचा एक्स-रे आणि मूत्राशयाची तपासणीही व्हावी. बाहेरून पायच दिसतो, जीव मात्र फुप्फुसाच्या मारानेही जातो. आपल्याकडे आणखी एक तपासणी टाळता येत नाही, ती रक्ताची. गोचीडताप इथल्या कुत्र्यांत पुष्कळ आढळतो आणि त्यात रक्तातल्या प्लेटलेट घटतात. अशा कुत्र्याला तशीच भूल दिली तर रक्तस्राव आवरत नाही. तातडी नसेल तर आधी गोचीडतापावर उपचार करून मग शस्त्रक्रिया करता येते.

दयामरणाबद्दलही स्पष्ट बोलायला हवे. दोन पाय निकामी असून चाकांच्या गाडीनेही भागणार नसेल, कणा मोडला असेल, कर्करोग फुप्फुसात पसरून श्वास लागत असेल किंवा वृद्ध, अतिशय जड कुत्र्याचे बाकीचे सांधेही गेले असतील, तर शांत मरण देणे हीच माया आहे. फक्त 'तीन पायांवर कसा जगेल' एवढे एकच कारण त्यासाठी पुरेसे नाही.

शस्त्रक्रियेत काय होते

मालकाला धक्का बसतो तो पाय फार वरून काढलेला पाहून. मोडला पंजा आणि काढला खांद्यापासून, असे का? पुढचा पाय बहुधा खांद्याच्या फऱ्यासकट काढतात. मागचा मांडीच्या वरच्या भागातून किंवा खुब्यातून. खाली खुंट ठेवला तर कुत्रा त्यावर टेकायला जातो, तो फरशीवर आपटतो, त्याची कातडी सोलवटते आणि जखम भरतच नाही. वरून काढलेल्या पायाच्या जागी स्नायूंची गादी येते, केस उगवतात आणि काही महिन्यांत तिथे काही होते हे लांबून कळतही नाही. अपवाद एकच: कृत्रिम पाय बसवायचा असेल तर खुंट लांब लागतो. हे ठरवायचे ते शस्त्रक्रियेच्या आधीच.

वेदना आवरण्याची तयारीही आधीच करावी लागते. मज्जातंतू कापण्यापूर्वी त्याभोवती बधिरतेचे औषध सोडले तर जाग आल्यावरची वेदना बरीच कमी होते. शस्त्रक्रियेआधी फार दिवस तीव्र वेदना सोसलेल्या कुत्र्यांना नंतर 'नसलेला पाय दुखण्याचा' त्रास होण्याचा संभव अधिक असतो. झोपेतून दचकून किंचाळणे, टाक्यांच्या जागेकडे एकदम वळून पाहणे, ती जागा कुरतडणे ही त्याची लक्षणे. त्यावर गॅबापेंटिनसारखी औषधे आहेत. म्हणून ही लक्षणे दिसली की 'नाटक करतोय' असे न म्हणता डॉक्टरांना सांगावे.

पहिले पंधरा दिवस

बहुतेक कुत्री दुसऱ्या दिवसापर्यंत उभी राहतात. तरीही घरी आल्यावरचे पहिले तीन-चार दिवस माणसांना जड जातात. कुत्रा कण्हतो, धापा टाकतो, खात नाही, आणि घरात कुणीतरी म्हणते, "आपण हे उगाच केले." हे दिवस जातात. लघवी चोवीस तासांत व्हायला हवी; शौचाला मात्र तीन-चार दिवस लागू शकतात, कारण पोट रिकामे असते आणि वेदनाशामकांनी आतडी मंदावतात. जखमेच्या खाली थोडी सूज किंवा निळसर डाग उतरणेही नेहमीचे. पाणी जमून फुगवटा आला तर तो सुईने आपण फोडू नये. टाके उसवणे, पू, दुर्गंधी, ताप, हिरड्या पांढऱ्याफटक पडणे यांपैकी काहीही दिसले तर मात्र सकाळची वाट पाहू नये.

औषधांबाबत एक गोष्ट ठासून सांगायला हवी. माणसांच्या डब्यातली आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, कॉम्बिफ्लॅमसारखी गोळी कुत्र्याला देऊ नये. त्याच्या जठराला व्रण होतात, मूत्रपिंडे निकामी होतात. पॅरासिटामॉलही आपल्या मनाने देऊ नये. पशुवैद्य देतात ते मेलॉक्सिकॅमसुद्धा वजनावर मोजून, पोटात अन्न असताना, आणि स्टेरॉईडसोबत कधीही नाही. औषधाची वेळ चुकवू नये. वेदना वाढल्यावर ती खाली आणायला जास्त औषध लागते.

मागचा पाय काढलेल्या कुत्र्याला बाहेर नेताना पोटाखालून टॉवेल किंवा घडी घातलेले उपरणे घालून आधार द्यावा. नराच्या लघवीच्या जागेवर तो आवळला जाणार नाही असे पाहावे. आधार म्हणजे उचलणे नव्हे. त्याला चालू द्यावे, तोल जाईल तेव्हाच हात द्यावा. नर कुत्रा सवयीने पाय वर करायला जातो आणि पडतो. दोन-चार दिवस कमरेला हात लावून उभे राहिले की तो बसून किंवा सरळ उभ्यानेच करायला शिकतो. पुढचा पाय गेलेल्याला छातीपाशी आधार लागतो आणि खाण्याचे भांडे कोपराच्या उंचीवर ठेवावे लागते, कारण मान खाली घातली की सगळे वजन एकट्या पुढच्या पायावर येते.

टाके साधारण दहा ते चौदा दिवसांनी काढतात. तोवर गळ्यात प्लॅस्टिकची कॉलर हवी. ती पाहून कीव येते, पण चाटून उसवलेली जखम पुन्हा शिवणे त्याहून वाईट. घरात दुसरे कुत्रे असेल तर वेगळे ठेवावे. अंथरूण कोरडे आणि जाड असावे. शक्य असल्यास दिवाळीच्या फटाक्यांच्या आठवड्यात शस्त्रक्रियेची तारीख घेऊ नये; आवाजाने बिथरलेला कुत्रा ताज्या टाक्यांनिशी धावत सुटतो.

फरशी, जिना, रस्ता

निरोगी कुत्र्याच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भाग पुढच्या पायांवर आणि ४० टक्के मागच्यांवर असतो. पुढचा एक गेला की दुसऱ्या पुढच्या पायावर जवळपास निम्मे वजन येते. मागचा एक गेला तर शरीर पुढे झुकते आणि पुढचे दोन मिळून तीन-चतुर्थांशाच्या आसपास भार घेतात. उरलेला मागचा पाय मध्यभागी सरकतो आणि कुत्रा तिवईसारखा उभा राहतो. म्हणूनच पुढचा पाय गमावणे मागच्यापेक्षा जड जाते आणि अशा कुत्र्याला चालताना दर पावलाला डोके उचलून उडी घ्यावी लागते. त्याला पळणे सोपे जाते, सावकाश चालणे अवघड.

आता घरातल्या जमिनीकडे पाहा. शेणाने सारवलेल्या किंवा खडबडीत दगडाच्या जमिनीवर कुत्र्याचा पंजा रोवला जातो. गुळगुळीत टाइल्स आणि पॉलिश केलेल्या कडाप्प्यावर तो फाकतो. तीन पायांचा कुत्रा घसरला की सावरायला चौथा नसतो. मांडीचे स्नायू ताणले जातात, गुडघ्याची शीर तुटते आणि त्याहून वाईट म्हणजे तो चालायलाच घाबरतो. उपाय महागडा नाही. पाण्याच्या भांड्यापासून झोपण्याच्या जागेपर्यंत आणि तिथून दारापर्यंत न सरकणारी वाट अंथरायची. गोठ्यात गायींसाठी टाकतात ती रबरी मॅट सातारा-सांगलीच्या प्रत्येक बाजारपेठेत मिळते आणि ती या कामाला उत्तम. नखे नियमित कापावीत, पंजाच्या गाद्यांमधले केस काढावेत. जिन्याला पहिले काही आठवडे फळी लावून अटकाव करावा. गळपट्ट्याऐवजी छातीला बसणारा पट्टा वापरावा. स्कूटरच्या पायदानावर किंवा पिकअपच्या हौद्यात त्याला उभे करून नेऊ नये. वळणावर त्याला तोल सांभाळता येत नाही.

व्यायामाचे सूत्र असे: थोडा, रोज, ठरावीक वेळी. पहिले दोन आठवडे पाच-पाच मिनिटांच्या फेऱ्या, मग हळूहळू वाढ. आठवडाभर बांधून ठेवून रविवारी रानात मोकळे सोडणे सर्वांत घातक. घरच्या घरी करण्यासारखे बरेच आहे: खाऊ हातात धरून मान डावी-उजवीकडे वळवायला लावणे, उभा असताना कमरेला हलकेच ढकलून तोल सावरायला लावणे, खांदे आणि पाठ चोळणे. उरलेल्या पायांचे स्नायू दिवसभर जादा काम करतात, त्यांना मालिश हवीच.

पोहणे हा उत्तम व्यायाम सांगितला जातो, आणि तो आहेही. पण इथे जागा निवडताना डोळे उघडे ठेवावेत. भिलवडी-औदुंबरपासून सांगलीपर्यंतच्या कृष्णेत मगरींचा वावर आहे. तिथे कुत्रा पाण्यात सोडू नये. प्लॅस्टिकचा कागद अंथरलेले शेततळे तर चार पायांच्या कुत्र्यालाही मृत्यूचा सापळा ठरते, कारण त्याच्या उतारावर पंजा टिकत नाही. उथळ, पायऱ्यांचा घाट, अंगात जॅकेट आणि कमरेला माणसाचा हात असेल तरच पाणी, तेही टाके पूर्ण भरल्यावर.

हवामानाचाही विचार हवा. तीन पायांवर चालायला शक्ती जास्त लागते, त्यामुळे शरीर लवकर तापते. माण, खटाव, जत, आटपाडीच्या उन्हाळ्यात फिरणे पहाटे आणि दिवस मावळल्यावरच. जावळी-पाटणच्या पावसात शेवाळलेल्या पायऱ्या हाच मोठा धोका. आणि एक बारीक गोष्ट: मागचा पाय गेलेल्या कुत्र्याला त्या बाजूचा कान खाजवता येत नाही. तिथे गोचीड साठतात, कान सडतो. आठवड्यातून दोनदा तो कान आपण पाहायचा आणि खाजवायचाही.

वजन, म्हणजेच आयुष्य

वर उल्लेखलेल्या २०१५ च्या पाहणीत एक निष्कर्ष लक्ष वेधतो: शस्त्रक्रियेच्या वेळी ज्यांचे वजन आणि चरबी जास्त, त्यांचे नंतरचे जगणे तुलनेने कमी सुखाचे. हे तर्कालाही पटते. तीन पायांवर प्रत्येक जादा किलो रोज सांध्यांना झिजवतो. जत भागात सांभाळले जाणारे काटक, निमुळते कारवान कुत्रे या बाबतीत नशीबवान; घरात लाडाने वाढलेला पस्तीस-चाळीस किलोचा लॅब्रेडॉर मात्र अडचणीत येतो. हात फिरवल्यावर बरगड्या बोटांना सहज लागल्या पाहिजेत, हा साधा निकष.

दूध-चपाती आणि बिस्किटांवर वाढलेल्या कुत्र्याला जखम भरायला लागणारे प्रथिन मिळत नाही आणि चरबी मात्र चढते. उकडलेली अंडी, बिनहाडाचे शिजवलेले चिकन, थोडा भात, भाज्या किंवा चांगले तयार खाद्य मोजून द्यावे. शिजवलेली हाडे देऊ नयेत. कांदा-लसूण वर्ज्य. आणि तासगाव-सांगलीच्या घरांसाठी खास सूचना: द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याला विषारी आहेत. काही कुत्र्यांत थोड्याशा बेदाण्यांनीही मूत्रपिंडे बंद पडतात. बेदाण्याच्या शेडवर राखणीला असलेल्या कुत्र्याच्या मालकाने हे विसरू नये. शस्त्रक्रियेनंतर वेदनाशामके चालू असताना तर मूत्रपिंडांवर आधीच ताण असतो.

कर्करोग असेल तेव्हा

मोठ्या जातींच्या मध्यमवयीन कुत्र्याने लंगडायला सुरुवात केली की 'मुरगळले असेल' म्हणून महिनाभर तेल चोळले जाते. पुढच्या पायात मनगटाच्या वर किंवा खांद्याजवळ, मागच्यात गुडघ्याच्या आसपास कठीण, दुखरी सूज आली तर एक्स-रे लगेच काढावा. हाडाच्या कर्करोगांत कुत्र्यांमध्ये सर्वाधिक आढळतो तो ऑस्टिओसार्कोमा. निदान होते तोवर बहुतेकांत त्याच्या अतिसूक्ष्म पेशी फुप्फुसात पोहोचलेल्या असतात, एक्स-रेत दिसोत वा न दिसोत. नुसता पाय काढला तर निम्मी कुत्री चार-पाच महिन्यांपुढे जातात. सोबत केमोथेरपी दिली तर हा काळ दहा महिने ते वर्षापर्यंत लांबतो.

मग एवढ्या थोड्या काळासाठी पाय का काढायचा? कारण हाड आतून पोखरले जाण्याची वेदना भयंकर असते आणि ती गोळ्यांनी पुरती आवरत नाही. पाय निघाला की ती वेदना त्याच दिवशी संपते. या कुत्र्यासाठी उपचाराचे यश महिन्यांच्या संख्येपेक्षा त्या महिन्यांतल्या झोपेत, खाण्यात आणि खेळण्यात मोजावे. निर्णय कोणताही घ्या, वेदना घेऊन लंगडत ठेवणे हा पर्याय नव्हे.

कृत्रिम पाय आणि गाडी

जयपूर फूटचा देश असल्याने पहिला प्रश्न कृत्रिम पायाचा येतो. जयपूरचे पशुवैद्य डॉ. तपेश माथुर यांनी गायींसाठी 'कृष्णा लिंब' हा कृत्रिम पाय तयार केला आणि जनावरांच्या कृत्रिम पायाचा विषय लोकांपर्यंत पोहोचवला. गायीला चौथा आधार मिळाला नाही तर जगणे फार अवघड, म्हणून तिथे त्याची निकड आहे. कुत्र्याला बहुधा ती नसते. खुंट लांब असेल, माप वारंवार बदलून घेता येत असेल, कातडी रोज तपासायला माणूस असेल, तर तो उपयोगी. नाहीतर घासून जखमा होतात. मागची दोन चाकांची गाडी दोन्ही मागचे पाय गेलेल्या कुत्र्यासाठी आहे. एक पाय गेलेल्याला ती घातली तर चांगल्या पायाचे स्नायू आळसावतात.

भटक्या कुत्र्याचे काय

रस्त्यावर जखमी झालेल्या कुत्र्याला मदत करताना आधी स्वतःला जपावे. वेदनेतला कुत्रा ओळखीच्या हातालाही चावतो. तोंड पट्टीने सैलसर बांधून, चादरीत किंवा फळीवर घेऊन उचलावे. चावा किंवा ओरखडा झालाच तर पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवून त्याच दिवशी रेबीजची लस घ्यावी.

पाय काढल्यावर त्याला परत रस्त्यावर सोडावे का? माझे मत असे, की सरसकट उत्तर देऊ नये. गल्ली शांत असेल, रोज अन्नपाणी देणारे ठरावीक घर असेल, टोळीत त्याला जागा असेल, तर जखम पूर्ण भरल्यावर, नसबंदी आणि रेबीजची लस झाल्यावर तो तिथे चांगला जगतो. महामार्गालगत किंवा कारखान्याच्या रस्त्यावर त्याला परत सोडणे मात्र धोक्याचे. त्याच्यासाठी घर शोधावे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा सांभाळणाऱ्यावर काळजीचे कर्तव्य टाकतो, आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ नुसार जनावराला जाणूनबुजून अपंग करणे हा पाच वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे. कोयता मारून पाय तोडल्याच्या घटनेत तक्रार द्यावी.

आपल्या जिल्ह्यांत काय आहे, काय हवे

आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग कधीकाळी सातारा जिल्ह्यातच होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. प्रतिसरकार उभारणारे क्रांतिसिंह नाना पाटील दोन्हीकडचे. त्यांच्याच नावाने १९८८ पासून शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीतल्या या महाविद्यालयाचे पशुरुग्णालय शस्त्रक्रियांसाठी या भागाचा मोठा आधार आहे. सांगलीत २००३ साली सुरू झालेल्या 'ॲनिमल राहत' या संस्थेने ऊस ओढणाऱ्या बैलांच्या उपचारांत मोठे काम केले आहे. जिल्ह्याची आणि तालुक्याची पशुवैद्यकीय चिकित्सालये, गावोगावचे दवाखाने आणि १९६२ या क्रमांकावरची फिरती पथके हे जाळेही आहे, जरी त्याची घडण प्रामुख्याने दुभत्या आणि कामाच्या जनावरांसाठी झाली आहे. मोठ्या शहरांत खाजगी दवाखाने आहेत. मुंबईत परळचे १८८६ पासूनचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि २०२४ मध्ये महालक्ष्मीला सुरू झालेले टाटा ट्रस्ट्सचे लहान प्राण्यांचे रुग्णालय गुंतागुंतीच्या रुग्णांसाठी गाठता येते.

पाय काढणारे हात आपल्याकडे आहेत. कमी पडते ते टाके काढल्यानंतरचे मार्गदर्शन. मालक बिल भरतो, औषधांची चिठ्ठी घेतो आणि घरी जातो. फरशी, वजन, व्यायाम, कान, उरलेले सांधे यांबद्दल त्याला कुणी बसवून सांगत नाही. डॉक्टरांपुढे रांग असते, हेही खरे. म्हणून मागणी छोटी आणि शक्य कोटीतली आहे. शिरवळच्या महाविद्यालयाने घरी करायच्या देखभालीचे मराठी पत्रक तयार करावे आणि ते दोन्ही जिल्ह्यांतल्या प्रत्येक दवाखान्यात असावे. जिल्हा चिकित्सालयात महिन्यातून एक दिवस शस्त्रक्रिया झालेल्या कुत्र्यांच्या फेरतपासणीला ठेवावा: वजन, सांधे, पंजे. पाय काढण्यापूर्वी उरलेल्या तीन पायांची तपासणी आणि रक्तचाचणी यांचा आग्रह मालकाने स्वतः धरावा. साखर कारखान्यांनी ट्रॉल्यांना चकाकत्या पट्ट्या आणि मागचे दिवे सक्तीचे करावेत. त्याने माणसांचेही जीव वाचतील. आणि बांधावर वायरचे फास लावणे गावांनीच बंद पाडावे.

यातले बहुतेक काही पैशांवर अडलेले नाही. बैलाचा पाय मोडल्यावर हताश होणाऱ्या आपल्या माणसांकडे तेव्हा उपायच नव्हता. कुत्र्याच्या बाबतीत तो आहे, जवळ आहे आणि घरातल्या माणसांच्या हातात आहे. तेव्हा पाय गेलेला कुत्रा समोर आला की कायमचे इंजेक्शन मागण्याआधी डॉक्टरांना एवढेच विचारा: याचे उरलेले तीन पाय चांगले आहेत का? उत्तर 'हो' असेल, तर त्याला जगवण्याची जबाबदारी आपली आहे.